देवाविना गाणी: निवड, बांधणी आणि सादरीकरण

प्रश्न: सत्यशोधक पद्धतीच्या लग्नात, श्रद्धांजली सभेत आणि शाळेतल्या शिबिरात म्हणता येतील अशी निरीश्वरवादी किंवा धर्माशी संबंध नसलेली मराठी गाणी कोणती? ती निवडायची कशी आणि मनासारखं काही मिळालं नाही तर नवं कसं बांधायचं?

उत्तर:

आधी हे ठरवा: देव नाकारणारं गाणं हवंय की देवाची गरजच न लागणारं? आणि ज्यात देव आहे पण त्याचे दलाल नकोत असं म्हटलंय, ते चालेल का? तिन्ही प्रकारची गाणी मराठीत आहेत. विवेकवादी कार्यक्रमांत ती सर्रास एकाच टोपलीत टाकली जातात, आणि बहुतेक घोटाळा तिथेच होतो.

दलाल नाकारणारी गाणी सर्वांत जास्त आहेत. तुकोबांच्या नावावर सगळीकडे म्हटला जाणारा चरण घ्या: ‘नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती’. सावित्रीबाई फुल्यांच्या ‘नवस’ या कवितेत तोच मुद्दा येतो. दगडधोंडे नवसाला पावून मुलं देत असतील, तर नरनारी लग्न कशाला करतात, असं त्या विचारतात. दोन्ही ठिकाणी युक्तिवाद एकच आणि बिनतोड. पण तुकोबा विठ्ठलाचे आहेत आणि विठ्ठलाचेच राहतात. जोतीराव फुल्यांचंही तसंच. भटशाही आणि मूर्तिपूजा त्यांनी झोडपली, पण सृष्टीचा ‘निर्मिक’ मानला. ‘सत्य सर्वांचे आदी घर, सर्व धर्मांचे माहेर’ हा त्यांचा अखंड (अभंगासारखी रचना) कुठल्याही सभेत शोभतो, मात्र त्याला निरीश्वरवादी म्हणून सादर करणं हे जोतीरावांना आपल्या सोयीचं करून घेणं झालं. गाडगेबाबांचं कीर्तन श्रोत्यांना प्रश्न विचारत विचारत दगडाच्या देवाची पूर्ण उलटतपासणी घेई, आणि तेच कीर्तन ‘गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला’ या गजरात रंगे. ही गाणी जरूर घ्या. फक्त निवेदनात ती अंधश्रद्धाविरोधी किंवा पुरोहितशाहीविरोधी आहेत असं स्पष्ट सांगा. श्रोत्यांत एखादा वारकरी बसलेला असतोच, आणि तुकोबांना नास्तिक ठरवलेलं त्याला पटत नाही. त्याचं म्हणणं बरोबर असतं.

उघडपणे देव नाकारणारी गाणी थोडी आहेत, पण त्यांतलं एक फार मोठं आहे. केशवसुतांची (१८६६–१९०५) ‘स्फूर्ति’ ही कविता ‘काठोकाठ भरू द्या पेला, फेस भराभर उसळू द्या’ अशी सुरू होते आणि ‘देव दानवां नरें निर्मिलें हे मत लोकां कवळू द्या’ या ओळीवर संपते. देव आणि दानव दोन्ही माणसाने घडवले, हे इतक्या मोकळ्या गळ्याने मराठी कवितेत क्वचितच कोणी म्हटलंय. शेवटच्या कडव्यात थोडं वर ‘महादेव! हरहर!’ हा रणघोषही आहे. काही गट तो वगळतात. वगळू नका. तिथे तो बंडाचा आवाज म्हणून आलाय, आणि त्या घोषानंतर ती शेवटची ओळ आल्यामुळेच तिला धार चढते.

चालीच्या दृष्टीने ही कविता सोपी आहे. ओळ तीस मात्रांची, ८-८-८-६ अशी. आठ मात्रांच्या केरव्यात चार आवर्तनं होतात आणि शेवटी दोन मात्रा उरतात. त्या दोन मात्रा ‘द्या’ लांबवायला आणि श्वास घ्यायला आहेत. नवे गट घाईत पुढची ओळ त्या मोकळ्या जागेतच सुरू करतात, मग तिसऱ्या ओळीपर्यंत ढोलकी आणि गाणारे यांची फारकत झालेली असते. तालमीत त्या दोन मात्रांवर टाळी वाजवून घ्या. सवय लागली की टाळी काढून टाका.

देवाची गरज न लागणारी गाणी खरं तर सर्वांत उपयोगी, कारण ती कोणाशी भांडायला उभी राहत नाहीत. कामगार चळवळीतून आणि जलशांतून (प्रबोधनाच्या लोकनाट्यांतून) ती शेकड्याने आली. शैलेंद्रांचं ‘तू जिंदा है’ हिंदी असलं तरी महाराष्ट्रातल्या शिबिरांत पाठ असतं. त्यातली ‘अगर कहीं है स्वर्ग तो उतार ला ज़मीन पर’ ही ओळ स्वर्ग आहे की नाही यावर वाद घालत बसत नाही, थेट कामाला लावते. शाळेसाठी समीर सामंत यांचं, कौशल इनामदार यांनी संगीत दिलेलं ‘उबुंटू’ (२०१७) चित्रपटातलं ‘हीच अमुची प्रार्थना’ घ्या. तिचं रूप प्रार्थनेचं आहे, पण मागणं माणसाने माणसाशी माणसासारखं वागण्याचं आहे. शाळेच्या परिपाठात हे चटकन सामावतं. मुख्याध्यापकांना समजावत बसावं लागत नाही. कोणी हरकत घेतलीच, तर संविधानाच्या अनुच्छेद ५१क मधलं (ज) हे कर्तव्य दाखवा. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि जिज्ञासा वाढवणं हे तिथे नागरिकाचं कर्तव्य म्हणूनच लिहिलंय.

याच जोडीने साने गुरुजींचं ‘खरा तो एकची धर्म’ घेतलं जातं. ते घेताना पूर्ण वाचा. त्यात ‘प्रभूची लेकरे सारी’ असं कडवं आहे. मिश्र श्रोत्यांसमोर ते कडवं खुशाल म्हणा, गुरुजींची श्रद्धा तशीच होती. काटेकोर निरीश्वरवादी कार्यक्रम असेल तर ते कडवं गाळा किंवा गाणंच बदला. ‘प्रभूची’ऐवजी ‘भूमीची’ घालण्याचा उद्योग करू नका. शब्द दुसऱ्याचे आहेत. बदलून त्याच्याच नावावर म्हणणं अप्रामाणिक आहे.

ही दोन्ही गाणी सात-सात मात्रांच्या तुकड्यांची आहेत. ‘हीच अमुची’ची ओळ ७-७-७-५ अशी, तर ‘खरा तो’ सलग ७-७. म्हणून साथीला रूपक हा सात मात्रांचा ताल धरा. हौशी तबलजी सवयीने केरवा लावतो आणि प्रत्येक सातामागे एक मात्रा भरायला मुलं शब्द ओढू लागतात. ‘प्रार्थनाऽऽ’ असं हेल काढून म्हटलेलं ऐकू आलं, की ताल चुकलाय असं समजा.

कार्यक्रमाची सुरुवात कशाने करायची, हा सगळ्यात अवघड भाग. तमाशाचा परंपरागत क्रम गण, गवळण, बतावणी, लावणी, वग. गणात गणपती, गवळणीत कृष्ण. म्हणजे पहिली दोन पावलं देवाच्या दारातच पडतात. सत्यशोधक जलसेकारांनी गण ठेवला, पण गणपती म्हणजे गणांचा पती, लोकांचा नायक, असा त्याचा अर्थ लावला. अण्णाभाऊ साठ्यांनी पुढचं पाऊल टाकलं. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं राहिलं, आणि अण्णाभाऊंच्या गणात ‘प्रथम मायभूच्या चरणा, छत्रपती शिवबा चरणा’ आले. वंदनाची जागा राहिली, वंदनीय बदलले.

हे समजून घ्या, कारण गण काढून टाकला की कार्यक्रम लंगडा होतो. लोक अजून बसत असतात, ध्वनिवर्धकाचा आवाज जुळत असतो, गळे तापत असतात. गण ही सगळी कामं करतो. म्हणून जागा ठेवा आणि तिथे श्रमाला, शिक्षणाला, पाण्याला, जुन्या शाहिरांना वंदन करणाऱ्या आठ ओळी घाला. तीन मिनिटांपेक्षा लांबवू नका. ‘आम्ही देवाला वंदन करत नाही’ हे गणात सांगू नका. पहिल्याच मिनिटाला निम्मा मांडव हाताची घडी घालून बसतो आणि ती घडी शेवटपर्यंत सुटत नाही.

भीमगीतांविषयी वेगळं लिहायला हवं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची सुरुवातच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्यापासून होते. त्यामुळे या गाण्यांत निरीश्वर आशय मुळातच आहे. तरी भक्तीचा साचा इतका मुरलेला असतो, की तो इथेही शिरतो. वामनदादा कर्डकांचीच (१९२२–२००४) दोन गाणी शेजारी ठेवा. ‘उद्धरली कोटी कुळे’ यात उद्धाराची भाषा आहे, कृतज्ञता आहे, डोळे भरून येतात. ‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ यात मात्र अनुयायांनाच जाब विचारलाय: नाव घेता, मत घेता का? विवेकवादी कार्यक्रमात मी दुसरं गाणं आधी घेईन. दोन्ही थोर आहेत. पण मूर्तीपुढे हात जोडण्याची सवय मोडायची असेल, तर जाब विचारणारं गाणं कामी येतं.

लग्न. जोतीरावांनी १८८७ मध्ये सत्यशोधक मंगलाष्टकं आणि पूजाविधी छापून प्रसिद्ध केले. त्या मंगलाष्टकांत वधूवर एकमेकांशी बोलतात आणि वधू स्त्रियांच्या हक्कांबद्दल वचन मागते. आजही ती म्हणता येतात, पण भाषा जुनी आहे. आदल्या आठवड्यात वधूवरांकडून तीन-चार वेळा मोठ्याने वाचून घ्या, नाहीतर ऐन वेळी अडखळतात आणि लोक हसतात.

नवी लिहायची असतील तर वृत्त सांभाळा. मंगलाष्टकांचं नेहमीचं वृत्त शार्दूलविक्रीडित: एकोणीस अक्षरं, गण म-स-ज-स-त-त आणि शेवटी गुरू, यती (ओळीतला थांबा) बाराव्या अक्षरावर. ‘कुर्यात् सदा मंगलम्’ हे पालुपद बरोबर सात अक्षरांचं आहे आणि यतीनंतरच्या जागेत चपखल बसतं: गागाल गागाल गा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू). तुमचं पालुपद याच मापाचं हवं. ‘नांदा सखे होउनी’ बसतं. ‘सुखाने संसार करा’ बसत नाही. तिथे गाणारा चाल सोडून बोलू लागतो. बाराव्या अक्षराला शब्द संपला पाहिजे, ही अट नवशिके हमखास विसरतात. मग यतीवर शब्दाचे दोन तुकडे होतात आणि गायकाला श्वास कुठे घ्यावा कळत नाही. आठच हवीत असा नियम नाही. एका अष्टकाला अर्धा-पाऊण मिनिट धरा, पाच पुरतात. गाण्याला कायद्यात काही स्थान नाही हेही ध्यानात असू द्या. धार्मिक विधी नको असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. नोटीस आधी द्या, चाली मग लावा.

श्रद्धांजली सभेला सर्वांत जास्त चुका होतात. चार्वाकांच्या नावाने आलेला ‘भस्मीभूतस्य देहस्य पुनरागमनं कुतः’ हा चरण म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तो खरा आहे, अनुष्टुभात आहे, म्हणायला सोपा आहे. पण तीन दिवसांपूर्वी ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यासमोर तो म्हणू नका. शिवाय चार्वाकांचे श्लोक आपल्यापर्यंत पोचले ते बहुतांशी त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून. त्यामुळे ‘ऋण काढून तूप प्या’ असं सांगणाऱ्या श्लोकावरून त्यांची परीक्षा करणं योग्य नाही. सभेला गेलेल्या माणसाच्या कामाचं गाणं घ्या. शिक्षिका असेल तर शिक्षणाचं, शेतकरी असेल तर मातीचं. ‘आत्म्यास शांती’, ‘स्वर्गवासी’, ‘देवाज्ञा’ हे शब्द निवेदनातून आणि फलकावरूनही काढा. गाणं निरीश्वर आणि मागे फलकावर ‘कैलासवासी’ असा प्रकार नेहमी दिसतो. गाणं एकच, संथ, वाद्याशिवाय किंवा फक्त संवादिनीवर. टाळ्या नकोत हे आधी सांगून ठेवा.

आता नवं गाणं. सुरुवातीला अभंगाचा मोठा साचा घ्या: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. मात्रा मोजाव्या लागत नाहीत, कान मराठी असला की पुरे. विषय पावसाचा धरू. दुष्काळात बेडकाचं लग्न लावतात. त्यावर गाणं करायचं, तर बहुतेक जण लग्न लावणाऱ्यांना मूर्ख म्हणून मोकळे होतात. आधी कारण सांगा:

समुद्राची वाफ । डोंगरी अडते ।
थेंबांनी पडते । रानोमाळी ॥

बेडकाचे लग्न । लावा ना कितीही ।
ढगा कान नाही । ऐकायाला ॥

पहिल्या कडव्यात पाऊस कसा पडतो ते आलं. ते कळलेला माणूस दुसऱ्या कडव्याला स्वतःच हसतो. त्याला कोणी हसत नाही. क्रम उलटा केला तर तीच ओळ टोमणा होते. ‘मूर्ख’, ‘अडाणी’, ‘खुळे’ हे शब्द अशा गाण्यात एकदाही येऊ नयेत. दुष्काळात हातात काहीच उरलेलं नसतं म्हणून माणूस बेडूक शोधतो, हे लिहिणाऱ्याने विसरता कामा नये. तिसऱ्या कडव्यात बांध, चर, शेततळं आणा, म्हणजे ऐकणाऱ्याला करण्यासारखं काही मिळेल.

आरतीच्या चालीवर विडंबन करावं का, असं हमखास विचारलं जातं. माझं उत्तर नाही असं आहे. ‘सुखकर्ता’ची चाल लागली की ऐकणाऱ्याच्या मनात लहानपणापासूनचे शब्द वाजू लागतात आणि तुमचे शब्द त्याखाली दबतात. ज्याला ऐकू येतात तो दुखावतो. आणि कायदाही आहे: धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतुपुरस्सर आणि दुष्ट कृत्यासाठी पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २९५अ, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. विचार मांडणं हा गुन्हा नाही, मात्र विडंबनाचा हेतू कोर्टात सिद्ध करत बसायची ताकद लहान गटांकडे नसते. एखाद्या हयात बाबाबुवाचं नावही गाण्यात घालू नका; त्याची युक्ती सांगा. नाव मानहानीच्या खटल्यात अडकवतं. युक्ती कळली की लोक पुढच्या बाबालाही ओळखतात.

चमत्काराचं प्रात्यक्षिक आणि गाणं जोडायचं असेल, तर गाणं प्रात्यक्षिकानंतर ठेवा. हळदीत चुन्याचं पाणी पडलं की लाल रंग येतो. लोकांनी आधी ते पाहावं, कोणीतरी पुढे येऊन स्वतः करून बघावं, मग त्यावरचं कडवं. आधी गायलात तर उत्सुकता मरते. नारळाच्या शेंडीत सोडियम ठेवून पाणी शिंपडून आग लावण्याचा प्रयोग मुलांच्या हाती कधीही देऊ नका, आणि तो चालू असताना गाणाऱ्यांना चार हात लांब उभं करा.

वाद्यांचं थोडक्यात. पोवाड्याच्या बाजाला डफ, तुणतुणं, झांज आणि दोन-तीन झीलकरी (मागून सूर धरणारे) पुरतात. डफाचं कातडं पावसाळी हवेत सैल पडतं. चढण्याआधी शेकून घ्या, आणि कार्यक्रम लांबणार असेल तर दुसरा डफ शेकत ठेवा. झीलकऱ्यांना ‘जी जी जी’ एवढंच न देता कडव्याचा शेवटचा शब्द उचलायला शिकवा, म्हणजे मागच्या रांगेपर्यंत मुद्दा पोचतो. जमावाने म्हणायचं गाणं आठ-नऊ सुरांच्या पल्ल्यात बसणारं असावं. बायका आणि पुरुष एकाच स्वरात ताणू नका. कडवी वाटून द्या आणि ध्रुवपद तेवढं एकत्र घ्या. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवावा लागतो, म्हणून सर्वांत महत्त्वाचं गाणं शेवटासाठी राखून ठेवण्याची चैन करू नका. साडेनऊच्या आत ते झालेलं असावं.

शेवटी हक्कांचं. भारतात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, आणि ती साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. केशवसुत, जोतीराव, सावित्रीबाई मोकळे आहेत. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून तेही मोकळे. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत हक्क लागू. वामनदादांची गाणी २०६४ अखेरपर्यंत. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला १९५७ च्या कायद्यात सूट आहे. तोच प्रयोग चित्रित करून यूट्यूबवर टाकला की सूट संपते, तिथे परवानगी घ्या. आणि कवीचं नाव प्रत्येक वेळी गाण्याआधी सांगा. जलशातली कित्येक गाणी आज ‘पारंपरिक’ म्हणून म्हटली जातात, कारण मधल्या कोणीतरी नाव सांगायचं सोडलं.